सेल नाहीत, तरी ऑटोमॅटिक: दोन भिंगांचा जुना कॅमेरा समजून घेताना

गेल्या काही वर्षांत फिल्मवर फोटो काढायची आवड पुन्हा वाढली आहे आणि कपाटांतले जुने कॅमेरे बाहेर येऊ लागले आहेत. त्यातला एक प्रकार हातात घेतलेला माणूस हमखास गोंधळतो. उभट डबा, पुढच्या बाजूला एकाखाली एक अशी दोन भिंगं आणि त्यांच्या वर मधमाशीच्या पोळ्यासारखी नक्षी असलेली काच. कॅमेरा ऑटोमॅटिक आहे असं कुणीतरी सांगितलेलं असतं. माणूस तो उलटापालटा करतो, सगळीकडून चाचपतो आणि विचारतो, "सेल कुठं घालायचे?"

सेल घालायचेच नसतात. हा कॅमेरा वीज बाहेरून घेत नाही, तरी उजेड मोजतो, फोटोला किती उजेड लागेल ते ठरवतो आणि तेवढाच आत सोडतो. हे कसं होतं ते एकदा कळलं, की हा डबा कुठं विश्वासाचा आणि कुठं आपण त्याला सांभाळून घ्यायचं, हेही कळतं.

दोन भिंगं कशाला?

फोटो निघतो तो खालच्या भिंगातून. वरचं भिंग फक्त आपल्याला बघण्यासाठी. त्यातून आलेला उजेड आतल्या ४५ अंशांत बसवलेल्या आरशावर आपटून वर वळतो आणि डोक्यावरच्या दुधी काचेवर चित्र उमटतं. दोन्ही भिंगं एकाच पट्टीवर बसवलेली असल्याने एकत्रच पुढेमागे सरकतात. वरचं चित्र रेखीव झालं, की खालचंही झालं. अशा कॅमेऱ्याला ट्विन लेन्स रिफ्लेक्स म्हणतात, बोलताना नुसतं टीएलआर.

या घडणीला खरं वलय मिळालं ते जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरातल्या फ्रँके अँड हायडेके या कंपनीमुळे. १९२० साली सुरू झालेल्या या कंपनीने आधी तीन भिंगांचे स्टिरिओ, म्हणजे खोली दिसेल असे जोडफोटो काढणारे, कॅमेरे बनवले: दोन भिंगं फोटो काढायला, मधलं बघायला. त्यातली बघण्याच्या भिंगाची कल्पना उभ्या डब्यात आणून १९२९ साली त्यांनी रोलायफ्लेक्स बाजारात आणला.

दुधी काचेत पहिल्यांदा बघताना एक गोष्ट चकवते. चित्र सुलट दिसतं, पण डावं-उजवं बदललेलं असतं. डावीकडून उजवीकडे चालणारा माणूस काचेत उजवीकडून डावीकडे जातो. त्याला चौकटीत ठेवायला हात नेमका उलट्या दिशेला जातो. दोन-तीन रोलांनंतर हाताला सवय होते. पण मान खाली घालून, छातीशी कॅमेरा धरून त्या उजळ चौकोनात जग बघायचं सुख पहिल्याच दिवशी मिळतं. समोरच्याच्या चेहऱ्यावर काही रोखलेलं नसतं, त्यामुळे माणसंही मोकळी राहतात. मला हा कॅमेरा आवडतो तो मुख्यतः यासाठी.

दोन भिंगांचा एक तोटाही आहे. त्यांच्यात साधारण चार सेंटीमीटरचं अंतर असतं, म्हणजे आपण बघतो त्यापेक्षा कॅमेरा थोडं खालून बघतो. दहा मीटरवरच्या दृश्यात चौकटीची उंची सात मीटरांवर जाते, तिथं चार सेंटीमीटर कुणाच्या लक्षातही येत नाहीत. एक मीटरवर मात्र चौकट पाऊण मीटरचीच असते, आणि तेच चार सेंटीमीटर डोक्यावरचे केस कापू शकतात. जवळचा फोटो काढताना डोक्यावर थोडी जास्त जागा सोडावी.

आपोआप म्हणजे नेमकं काय आपोआप?

इथं नावांनी बराच घोळ घातला आहे. १९३७ साली आलेल्या रोलायफ्लेक्सच्या मॉडेलचं नावच ‘ऑटोमॅट’ होतं. त्यात आपोआप होत होतं ते एवढंच: रोल कुठं सुरू झाला हे कॅमेऱ्याला रुळांमधून जाणाऱ्या कागदाच्या वाढलेल्या जाडीवरून कळायचं आणि मोजणी एकपासून सुरू व्हायची. उजेडाशी त्याचा काही संबंध नव्हता.

नंतरच्या कित्येक टीएलआरवर उजेड मोजायचं मीटर आलं. रोलायफ्लेक्स ३.५ एफवर सेलेनियमचं मीटर आहे, याशिका मॅट १२४ वर सेलवर चालणारं. पण या दोन्हींत मीटर फक्त सुई हलवून दाखवतं, ती बघून चाकं आपणच फिरवायची. मीटर असलेला कॅमेरा आणि ऑटोमॅटिक कॅमेरा हे दोन वेगळे प्राणी आहेत.

उजेड मोजून त्याप्रमाणे स्वतः जुळवून घेणारा पहिला कॅमेरा १९३८ सालचा कोडॅक सुपर सिक्स-२०. तो घडीचा होता. टीएलआरमध्ये ही सोय ठळकपणे आली ती १९६० सालच्या रोलायमॅजिकमध्ये. ७५ मिलिमीटरचं श्नायडर झेनार भिंग, १२० नंबरची फिल्म, चौरस फोटो, आणि भिंगांच्या वर सेलेनियम. या लेखात मी डोळ्यांसमोर ठेवतो आहे तो हाच कॅमेरा, पण त्या पिढीतल्या बहुतेक स्वयंचलित कॅमेऱ्यांची रीत थोड्या फरकाने हीच आहे.

पागोळ्यांखालचं भांडं

फोटोला उजेड किती द्यायचा हा हिशेब पावसात भांडं भरण्यासारखा आहे. पाऊस म्हणजे बाहेरचा उजेड, तो आपल्या हातात नाही. भांड्याचं तोंड किती रुंद ठेवायचं ते भिंगाच्या छिद्रावर ठरतं. भांडं किती वेळ पागोळ्यांखाली धरायचं ते शटरवर. आणि भांडं भरलं असं कधी म्हणायचं, ते फिल्मवर. कमी उजेडात भागणाऱ्या फिल्मचं भांडं लहान, म्हणून लवकर भरतं. या गुणाला फिल्मची संवेदनशीलता म्हणतात आणि ती १००, २००, ४०० अशा आकड्यांत सांगतात. आकडा दुप्पट, तर लागणारा उजेड निम्मा.

छिद्राचे आकडे उलटे चालतात: ३.५ म्हणजे तोंड सताड उघडं, २२ म्हणजे अगदी बारीक.

भांडं भरलं पाहिजे हे खरं, पण ते भरायच्या वाटा अनेक आहेत. शंभरच्या फिल्मवर मोकळ्या सावलीत छिद्र ४ आणि शटर १/२५० सेकंद चालेल, ८ आणि १/६० चालेल, ११ आणि १/३० सुद्धा चालेल. फिल्मवर पडणारा उजेड जवळपास तेवढाच. चित्र मात्र वेगळं: पहिल्यात मागचं सगळं धूसर आणि हालचाल गोठलेली, शेवटच्यात दूरवरचंही बऱ्यापैकी रेखीव, पण पळणारं मूल फरफटलेलं.

सेल नसताना उजेड मोजतो कोण?

पोळ्यासारख्या काचेमागे सेलेनियमचा थर दिलेली पट्टी असते. सेलेनियम हे मूलद्रव्य १८१७ साली सापडलं आणि त्याच्या विजेशी निगडित गुणांवर उजेडाचा परिणाम होतो हे १८७३ साली लक्षात आलं. त्यापासून केलेल्या अशा पट्टीवर उजेड पडला, की ती स्वतःच थोडी वीज तयार करते. छतावरच्या सौर पॅनेलचं हे जुनं भावंड. वीज इतकी कमी, की अँपिअरच्या दहा लाखाव्या भागात मोजावी लागते. म्हणूनच पट्टी एवढी मोठी असते. पोळ्याच्या नक्षीतली छोटी भिंगं ती पट्टी पुढच्या दृश्याकडेच बघेल, आजूबाजूला भरकटणार नाही, याची काळजी घेतात.

ही वीज एका नाजूक सुईला हलवते. उजेड जास्त, तर सुई जास्त सरकते. पण सुई इतकी हलकी असते, की ती शटर किंवा छिद्राला ढकलू शकत नाही. मग त्या काळच्या कारागिरांनी काय केलं? सुईला काही ढकलायलाच लावलं नाही. तिला फक्त एका जागी उभं राहायला सांगितलं.

बटण दाबताना आपल्या बोटाच्या जोराने पायऱ्या कापलेली एक धातूची पट्टी सुईवर येऊन बसते आणि सुईला जागीच पकडते. सुई जिथं उभी, तिथल्या पायरीवर पट्टी अडते. किती खोल गेल्यावर अडली, त्यावर शटरचा वेग आणि छिद्राचा आकार ठरतो. मोजायचं काम उजेडाचं, ताकद आपल्या बोटाची. बटण हळू दाबलं, तर ही पट्टी अडल्याचा किंचित ठेचकाळता स्पर्श बोटाला कळतो आणि मग टिक् असा बारीक आवाज येतो. कितीतरी दशकांपूर्वी कुणीतरी कानशीने घासून बसवलेला हिशेब त्या एका क्षणात चालून जातो. दरवेळी मला त्याचं तेवढंच अप्रूप वाटतं.

कॅमेरा काय ठरवतो, काय ठरवत नाही

फोकस तो ठरवत नाही. हे सगळ्यात आधी, कारण ऑटोमॅटिक म्हटल्यावर नवा माणूस हेच विसरतो. दीड मीटरवरच्या माणसाचा फोटो काढताना छिद्र सताड उघडं असेल, तर रेखीव राहणारा पट्टा पंधरा सेंटीमीटरच्या आसपास असतो. डोळे साधले तर कान निसटतात. झाकणातलं छोटं भिंग उघडून, डोळा त्याला लावून, दुधी काचेवर पापण्या दिसेपर्यंत फोकस करायला पर्याय नाही.

तो ठरवतो ती भांडं भरायची वाट. रोलायमॅजिकच्या पहिल्या मॉडेलमध्ये शटरचे वेग १/३० ते १/३०० एवढेच, आणि वेग व छिद्राची जोडी कॅमेराच निवडतो. १९६२ साली आलेल्या दुसऱ्या मॉडेलमध्ये शटर १/५०० पर्यंत गेलं आणि दोन्ही हाताने लावायची सोय झाली. विकत घ्यायचा विचार असेल, तर हा फरक महत्त्वाचा: दुसऱ्या मॉडेलचं सेलेनियम गेलं, तरी कॅमेरा पूर्ण कामाचा राहतो.

पहिल्या मॉडेलच्या या मर्यादेवरून फिल्म कोणती घालावी हेही निघतं. भर उन्हात ४०० ची फिल्म घातली, तर कॅमेरा आपल्या टोकाला, म्हणजे २२ आणि १/३०० च्या अगदी जवळ पोचतो. १६०० ची घातली तर त्याच्याकडे पर्यायच उरत नाही. उलट संध्याकाळी घरात १०० ची फिल्म त्याला उपाशी ठेवते. उन्हासाठी १०० किंवा १२५, ढगाळ दिवसासाठी आणि सावलीसाठी ४००, असं ठरवलं की बहुतेक काम भागतं.

मग तो चुकतो कुठं?

सेलेनियमची पट्टी समोरच्या सगळ्या उजेडाची एक सरासरी काढते. कपाळ कुठं, आभाळ कुठं, तिला ठाऊक नाही. ती गृहीत धरते की जगाची सरासरी मध्यम राखाडी असते. बऱ्याचदा ते खरंही असतं: थोडं आभाळ, थोडी झाडं, थोडी जमीन, सगळं मिळून मध्यमच भरतं.

पण पांढऱ्या भिंतीपुढे पांढऱ्या कपड्यातला माणूस उभा करा. कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार आहे, तो हात आखडतो, आणि भिंत मळकी निघते. काळ्या पडद्यापुढे उलट होतं. आणि सगळ्यात घातकी प्रसंग म्हणजे माणसाच्या मागे उजेड. माझ्या पहिल्याच रोलमध्ये खिडकीत बसलेल्या एका आजींचा फोटो होता. काचेवर तो इतका सुंदर दिसत होता, की मी श्वास रोखून बटण दाबलं. फिल्मवर खिडकी नीट आली, आजी मात्र काळी सावली. कॅमेऱ्याने काम चोख केलं होतं. खिडकी मोजायची नव्हती, हे त्याला सांगायचं माझ्याकडून राहिलं होतं.

सांगायचं कसं? फिल्मच्या संवेदनशीलतेचं चाक वापरून. ते चाक म्हणजे कॅमेऱ्याला आपण दिलेला शब्द असतो: ‘आत अमुक फिल्म आहे.’ आत ४०० ची फिल्म असताना चाक २०० वर नेलं, तर कॅमेरा दुप्पट उजेड देतो, १०० वर नेलं तर चौपट. खिडकीतल्या आजींसाठी १०० वर न्यायला हवं होतं. पांढऱ्या भिंतीपुढे २०० पुरेल. काळ्या पडद्यापुढे उलट, ८०० वर. फोटो झाला की चाक लगेच मूळ आकड्यावर आणायचं. हे विसरलं, तर उरलेला रोल चुकतो.

भिंगावर पिवळा फिल्टर चढवला, तरी हेच. उजेड मोजणारी पट्टी फिल्टरच्या मागे नाही, त्यामुळे फिल्टरने खाल्लेला उजेड तिला कळत नाही. साधारण निम्मा उजेड खाणारा फिल्टर असेल, तर ४०० च्या जागी २००.

जुन्या चाकांवर डिन नावाचे आकडेही दिसतात. १०० म्हणजे २१ डिन, आणि दर तीन डिनला दुप्पट: २४ म्हणजे २००, २७ म्हणजे ४००. १९६० साली अमेरिकी मोजमापाची पद्धत बदलली आणि त्याच काळ्या-पांढऱ्या फिल्मचे छापील आकडे जवळपास दुप्पट झाले. त्यामुळे कॅमेऱ्याबरोबर त्याआधीचं माहितीपत्रक आलं, तर त्यातल्या फिल्मच्या आकड्यांवर जाऊ नये. आजच्या डब्यावर छापलेला आकडाच चाकावर लावावा.

"पण इतक्या वर्षांनी सेलेनियम मेलं नसेल कशावरून?"

रास्त शंका आहे. ओल, गंजलेले जोड आणि वय यांनी पट्टी कमजोर होते. काही तर पूर्ण बंद पडतात. पण कितीतरी अजून नीट चालतात. ज्यांना पाऱ्याचे छोटे सेल लागायचे, त्या नंतरच्या कॅमेऱ्यांचे मूळ सेल आता बनत नाहीत, त्यामुळे तिथं वेगळीच खटपट करावी लागते. इथं ती भानगड नाही.

पहिली तपासणी फिल्म न घालता. मागचं झाकण उघडायचं, कॅमेरा उजळ खिडकीकडे रोखायचा आणि मागून भिंगात बघत बटण दाबायचं. शटर उघडतं त्या क्षणात उजेडाचा एक ठिपका चमकतो. आता पोळ्याच्या काचेवर तळहात ठेवून पुन्हा दाबायचं. ठिपका स्पष्ट मोठा झाला, तर पट्टी जिवंत आहे आणि सुईही हलते आहे. काही कॅमेऱ्यांत उजेड फार कमी असेल तर बटणच अडतं. तोही जिवंतपणाच.

जिवंत आहे म्हणजे अचूक आहे असं नाही. त्यासाठी एक रोल खर्ची घालावा. शंभरची फिल्म, तीन जागा: ऊन, मोकळी सावली, छपराखालचा मंद उजेड. प्रत्येक जागी एकच दृश्य तीनदा, चाक ५०, १०० आणि २०० वर ठेवून. नऊ फोटो झाले. रोल धुऊन आला की प्रत्येक जागची सगळ्यात चांगली निगेटिव्ह शोधायची. तिन्ही ठिकाणी १०० वरची चांगली असेल, तर कॅमेरा नशिबाने मिळाला समजा. तिन्ही ठिकाणी २०० वरची चांगली असेल, तर पट्टी कमजोर झाली आहे, पण सगळीकडे सारखीच. तिला उजेड कमी दिसतो, म्हणून ती जास्त देते. यापुढे चाक कायम दुप्पट आकड्यावर ठेवायचं, प्रश्न मिटला. उन्हात १०० आणि मंद उजेडात २०० असं निघालं, तर तिचा तोल गेला आहे. असा कॅमेरा उन्हापुरता वापरावा किंवा जाणकाराकडून पट्टी बदलून घ्यावी.

थोडी चूक झाली तरी निगेटिव्ह फिल्म सांभाळून घेते, विशेषतः उजेड जास्त झाला तर. स्लाइड फिल्म, म्हणजे जिच्यावर थेट सुलट चित्र निघतं ती, असा दिलदारपणा दाखवत नाही, तिच्या वाटेला या कॅमेऱ्याने सुरुवातीला जाऊ नये.

एक कळकळीची सूचना. शटर चिकटत असेल, तर घरी तेल सोडू नका. तेल पात्यांवर पसरतं आणि चिकटणं वाढतं. आतला आरसाही कपड्याने पुसू नका. त्याचा चांदीचा थर काचेच्या वरच्या बाजूला असतो, एका घासण्याने कायमचा ओरखडा राहतो. फुंकणीने धूळ उडवली तरी पुरे.

"सगळं कॅमेराच ठरवणार, तर मी शिकणार काय?"

हा आक्षेप मी बऱ्याचदा ऐकला आहे, आणि तो मला पटत नाही. आकडे कॅमेऱ्यावर सोपवले, की आपल्याकडे उरतं ते बघणं. उजेड कुठून येतो आहे, सरासरी कशाने बिघडेल, चेहरा कोणत्या क्षणी वळेल. वर सांगितलेलं चाक फिरवायचा निर्णय घेण्यासाठी उजेड वाचावाच लागतो, उलट अधिक नीट वाचावा लागतो, कारण कॅमेरा काय विचार करेल हेही ओळखायचं असतं. ज्यांना पळत्या माणसांचे किंवा रात्रीचे फोटो हवेत, त्यांच्यासाठी मात्र हा कॅमेरा नाही, हे मोकळेपणाने मान्य करतो. त्यांनी हाताने चालणारा टीएलआर घ्यावा.

आणि चौकट मोठी आहे. ५६ बाय ५६ मिलिमीटरची निगेटिव्ह साध्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीच्या साडेतीन पटींहून मोठी भरते. भिंतीवर लावायच्या फोटोत केसांची बट न् बट सुटी दिसते.

पहिला रोल घालताना

१२० नंबरची फिल्म १९०१ सालापासून चालत आली आहे आणि आजही मिळते. तिला डबी नसते. रिळावर कागदाबरोबर गुंडाळलेली असते, म्हणून रोल नेहमी सावलीत बदलायचा. आधीच्या रोलचं रिकामं रीळ गुंडाळायच्या जागी लावायचं, नव्या रोलच्या कागदाचं टोक त्याच्या खाचेत घालायचं, आणि कागदावरचा बाण कॅमेऱ्यातल्या खुणेपाशी येईपर्यंत फिरवायचं. कागद सैल सुटू देऊ नका, कडेने उजेड शिरतो. झाकण लावून एकचा आकडा येईपर्यंत फिरवलं, की चाकावर फिल्मचा आकडा लावायचा. हे शेवटचं काम मी झाकणावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर लिहून ठेवतो, कारण कॅमेऱ्याचा सगळा हिशेब त्या एका आकड्यावर उभा आहे.

तपासणीचे नऊ फोटो झाल्यावर तीन उरतात. ते खिडकीत बसलेल्या माणसासाठी ठेवा: एक चाक न हलवता, एक निम्म्या आकड्यावर, एक पाव आकड्यावर. मग कागद संपेपर्यंत फिरवत राहायचं. हाताला अचानक हलकं लागतं, तेव्हा झाकण उघडायचं, रीळ घट्ट धरायचं, टोकाची गोंदाची पट्टी ओली करायची आणि चिकटवायची.